मधल्या रेघेजवळचा दगड

हे मी आजवर एका माणसाशिवाय कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्यांच्यासोबत चहाच्या टपरीवर अर्धं आयुष्य काढलं त्या मित्रांनाही नाही. आणि गंमत बघा — आता सांगायला बसलो तर जीभ अडखळत नाही. मला वाटलं होतं अडखळेल. पण बोलण्यात मी कच्चा कधी नव्हतोच. अमरावतीत माझ्या वयाच्या, कबड्डीचं वेड असलेल्या कोणालाही विचारा, श्यामभाऊ कसा माणूस आहे? तो सांगेल — तापट आहे, टोमणे मारतो, सामना सुरू असताना शेजारच्याला तोंड उघडू देत नाही. पण शब्दाचा पक्का. श्यामभाऊ म्हणाला म्हणजे तसंच असणार.

तर त्या शब्दाबद्दलच सांगायचं आहे. तो एकदा खोटा होता. चूक नव्हे, गैरसमज नव्हे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, भर मैदानात सांगितलेलं खोटं.

थांबा. एकदम नको. आधी मैदानाचं सांगतो, कारण मैदान आता राहिलेलं नाही.

आमच्या वस्तीच्या मागे होतं ते. एका बाजूला कापसाच्या जिनिंगची भिंत, दुसऱ्या बाजूला कडुलिंबाची ओळ, तिसऱ्या बाजूला सिमेंटच्या पायऱ्या — त्यांना आम्ही रुबाबात गॅलरी म्हणायचो — आणि चौथ्या बाजूला रस्ता, जिथे ऑटोवाले मागच्या सवारीसकट ऑटो थांबवून सामना बघायचे. सवारीही तक्रार करायची नाही. काळी माती, पाणी मारून, रोलर फिरवून बसवलेली. दिवाळीनंतर सामने सुरू व्हायचे आणि संक्रांतीच्या दिवशी फायनल. कापसाचा हंगाम आणि कबड्डीचा हंगाम, दोन्ही एकदमच. मी त्याच जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. गाडीतला कापूस मूठभर उपसायचा, चिमटीत धागा ओढून बघायचा आणि समोरच्याच्या तोंडावर सांगायचं — हा ओला आहे, हा चांगला आहे. पाहायचं आणि निकाल द्यायचा, हा माझा धंदाच होता. दिवसभर तो करायचा आणि संध्याकाळी भिंतीच्या पलीकडे जाऊन पुन्हा तेच.

आता तिथे दुकानांचं संकुल होणार आहे. वरच्या मजल्यावर कबड्डीसाठी हॉल देऊ म्हणतात, मॅट टाकून. देतील बापडे. मॅटवरची कबड्डीही कबड्डीच आहे, मी काही हटवादी म्हातारा नाही. घरी टीव्हीवर बघतो ना — बूट घातलेली पोरं, रंगीत दिवे, आणि शंका आली की पंच सरळ स्क्रीनवर पाहून निकाल देतो. चांगलं आहे. फार चांगलं आहे. त्या स्क्रीनसमोर खोटं बोलता येत नाही.

आमच्याकडे स्क्रीन नव्हता. आमच्याकडे दगड होता.

मधली रेघ गॅलरीच्या बाजूला जिथे संपते, तिथे एक बसका काळा दगड होता. गुडघ्याच्याही खाली. त्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जवळजवळ मातीच्या पातळीला यायचे. हे का महत्त्वाचं, ते कबड्डी माहीत असलेल्याला सांगायला नको, तरी सांगतो. रेडर दम धरून समोरच्यांच्या अंगणात जातो, कोणाला तरी हात लावतो आणि परत मधल्या रेघेपर्यंत यायचं बघतो. त्याला पकडला आणि दम तुटला, की तो बाद. पण पकडलेला असतानाही त्याचं नुसतं बोट रेघेला लागलं, तरी तो सुटला — आणि त्याला धरून बसलेले सगळे बाद. आता विचार करा, एका पोरावर चार-पाच जण कोसळलेले आहेत. उभ्या पंचाला काय दिसणार? पाठी. घामेजलेल्या, मातीने माखलेल्या पाठी. बोटं तर खाली असतात.

म्हणून ही रीत. सामना सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधार दगडाजवळ यायचे, दगडाला हात लावायचे आणि दगडावर बसलेल्या माणसाला म्हणायचे, "भाऊ, तुमचा शब्द मान्य." सामन्यात कधी ढीग पडला आणि पंचांना खात्री वाटली नाही, तर पंच हात वर करायचा. सगळं मैदान गप्प. पंच विचारायचा, "भाऊ?" आणि दगडावरच्या माणसाने तीनपैकी एकच बोलायचं. लागलं. नाही लागलं. दिसलं नाही. दिसलं नाही म्हटलं तर रेड पुन्हा. बस. त्यावर वाद नाही, शिवीगाळ नाही, अपील नाही. नियमाच्या पुस्तकात हे कुठेच नाही. बाहेरून आलेले पंच पहिल्या वर्षी हसायचे आणि दुसऱ्या वर्षी स्वतःहून हात वर करायचे.

माझ्याआधी त्या दगडावर नत्थूजी बसायचे. सुतारकाम करायचे, बैलगाडीची चाकं जोडायचे. डोळ्यांत सारा उतरून दिसायला कमी लागलं तसे ते एका संध्याकाळी स्वतःच उठले, माझा दंड धरला आणि मला बसवलं. का मलाच? मी सामना सोडून दुसरीकडे बघत नाही म्हणून. आणि म्हणाले, "डोये गेले त दगड सोडजो, श्याम. अन् मन एका बाजूनं गेलं, तरी सोडजो."

मी मान हलवली. छाती फुगवून हलवली. मन एका बाजूनं! अहो, माझं मन दुसऱ्या बाजूनं कधी होतं? आमच्या वस्तीचा संघ हरला की मी जेवत नव्हतो. बायको — कमल — भाकरी झाकून ठेवायची आणि म्हणायची, "खेयले थे पोट्टे, अन् हारले तुमी." हे नत्थूजींना माहीत होतं, मलाही माहीत होतं. आणि तरी मी बसलो.

बसलो आणि बरीच वर्षं खरं बोललो, हेही सांगून टाकतो. आमच्या संघाच्या विरुद्ध निकाल दिलाय, एकदा नाही, पुष्कळदा. सोपं होतं ते. का सोपं होतं? कारण ते साखळी सामने असायचे, पुढे आणखी सामने असायचे. मोठेपणा मिळायचा आणि काही जायचं नाही. मी स्वतःला फार सरळ माणूस समजत होतो तेव्हा. सरळपणाची किंमत पडलीच नव्हती अजून.

मग ती फायनल आली. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. आज तिची मुलगी शाळेत जाते. एवढं जुनं आहे हे.

समोर अकोल्याच्या जुन्या शहराचा संघ होता. मोर्णा नदीच्या काठच्या गल्ल्यांतली पोरं, एका जीपमध्ये कोंबून यायची. त्यांचा रेडर दिनेश. सडपातळ, हात मात्र लांबलचक, आणि दम असा की कबड्डी-कबड्डी-कबड्डी सलग एका सुरात, मध्ये कुठे सांधा ऐकू येऊ नये. मला तो आवडायचा. खरंच आवडायचा. आमच्या पोरांना मी म्हणायचो, लेकांनो, रेड कशी असते ते त्या अकोलेवाल्याकडे बघा. तोही आला की आधी दगडाजवळ यायचा, हात लावायचा, "काय भाऊ, डोये शाबूत हायत न?" म्हणून हसायचा. मी म्हणायचो, तुझ्यापुरते आहेत.

त्या दिवशी गॅलरीत तीन परके चेहरे होते. कुठल्याशा खात्याच्या संघासाठी पोरं निवडायला आलेले. निवड म्हणजे नोकरी, आणि खेळ चालू. सगळ्या मैदानाला माहीत होतं की एक रेडर घेणार — आमचा, नाहीतर दिनेश. फायनल जो काढेल तो. हे मलाही माहीत होतं. आधी माहीत नव्हतं आणि नंतर कळलं, असं काही नाही. मी सगळं माहीत असून त्या दगडावर बसलो होतो.

शेवटची रेड. आम्ही एका गुणाने पुढे. दिनेश आत आला, कोपऱ्यातल्या पोराला हात लावला आणि वळताना आमच्या एकाने त्याचा घोटा धरला. मग कंबर. मग दोघे पाठीवर. चौघांना घेऊन तो पोरगा सरकत होता — सरकत, खरडत, माझ्याच बाजूला. पंच दोन पावलं मागे झाला कारण ढीग त्याच्या अंगावर येत होता. माझ्यापासून हातभर अंतरावर दिनेशचा चेहरा मातीत होता आणि दम चालू होता. बारीक, घोगरा, पण चालू. आणि मी त्याचा उजवा हात पाहिला.

अजून फिरवतोय का मी तुम्हाला? फिरवतोय. सांगतो.

दोन बोटं. पहिलं आणि मधलं. रेघेवर. फक्कीची पांढरी रेघ त्या बोटांखाली दबली, दोन्ही बाजूंनी थोडी उसवली. मग दम तुटला. आधी बोटं, मग दम. मला शंका नव्हती. कापसाच्या धाग्याबद्दल मला जेवढी खात्री असायची, तेवढी होती.

पंचाने हात वर केला. मैदान गप्प झालं. ऑटोवाल्यांनीसुद्धा इंजिनं बंद केली. तुम्हाला ती शांतता कशी सांगू? एवढी माणसं, आणि सगळी फक्त माझ्या तोंडाकडे बघत होती. भीती वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. मला बरं वाटलं. मी मोठा झालो होतो त्या क्षणी.

"भाऊ?"

"नाही लागलं," मी म्हणालो.

का? कोणी पैसे दिले नव्हते. कोणी धमकी दिली नव्हती. आमचा रेडर माझा भाचा नव्हता की पुतण्या नव्हता. मला जिंकायचं होतं. एवढंच. मला भाकरी गरम खायची होती. आणि "दिसलं नाही" म्हणता आलं असतं, बघा — तेही खोटंच, पण त्यात दिनेशला आणखी एक रेड मिळाली असती. तेवढंही मी दिलं नाही. कारण दिनेशला आणखी एक रेड दिली तर तो काय करेल, हे मैदानात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

आमची पोरं उड्या मारायला लागली. ढीग सुटला. दिनेश उठून बसला आणि स्वतःच्या हाताकडे पाहायला लागला. बोटांवर पांढरं होतं. त्याच्या संघातला एकजण धावत आला, त्याचं मनगट धरून वर केलं, "अबे, फक्की लागली हाय तुह्या बोटाले! दाखव न त्यायले!" दिनेशने माझ्याकडे पाहिलं.

मी नजर खाली घातली नाही. हे मला त्या दोन शब्दांपेक्षा जास्त टोचतं. खोटं बोलणारा माणूस निदान खाली तरी बघतो ना? मी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत राहिलो. पक्क्या शब्दाच्या माणसासारखा.

आणि त्याने काय करावं? त्याने ती बोटं चड्डीला पुसली. दोन्ही. आणि आपल्या पोराला म्हणाला, "फक्की त सगळ्यायच्याच आंगाले हाय. भाऊ म्हणते नाई लागलं, त नाई लागलं. मलेच भास झाला असन." मग उठला, लंगडत दगडाजवळ आला, दगडाला हात लावला आणि जीपकडे गेला. चिडून नाही गेला. चिडला असता तर आज मी हे सांगत बसलो नसतो. त्याने माझ्या शब्दासाठी स्वतःची बोटं खोटी ठरवली.

त्या दिवशी भाकरी गरम होती. कमलने विचारलं, "काहून बा, जिकून आले अन् तोंड कायले असं?" मी म्हटलं, दमलो. तिने मानलं. तीही मानायचीच माझं सगळं.

आमचा रेडर त्या नोकरीत लागला. दिनेश नाही लागला. तो अकोल्यात ऑटो चालवायला लागला, हे मला पुढच्या हंगामात त्याच्याच संघातल्या पोराकडून कळलं. पुढे दोन-तीन वर्षं खेळला, मग गुडघा गेला. मी काय केलं? काही नाही. अकोल्याला माझं कामानिमित्त जाणं व्हायचं, तिथल्या कापूस बाजारात. स्टेशनबाहेर ऑटोंची रांग असते. मी पायी जायचो. कोणी विचारलं तर म्हणायचो, चालणं चांगलं असतं.

दगड मी सोडला का? नाही. नत्थूजींचं बोलणं मला पाठ होतं, तरी नाही सोडला. उलट त्यानंतर मी असा कडक खरा झालो की आमचीच पोरं माझ्यावर वैतागायची. केसभर शंका असली तरी आमच्या विरुद्ध. लोक म्हणायचे, काय निःपक्षपाती माणूस आहे! मुलीच्या लग्नाच्या बोलणीत व्याही म्हणाले, तुमचं नाव आम्ही मैदानावरून ऐकून आहोत, आणखी चौकशी कशाला करायची. मी हसलो आणि चहा पुढे केला. बघा, एका खोट्यावर किती खरं रचता येतं ते. मला वाटायचं रचता रचता ते खालचं दबून जाईल. नाही दबलं. दर संक्रांतीला तिथल्या तिथे होतं.

या वर्षीचा हंगाम शेवटचा हे दिवाळीतच कळलं होतं. दिव्यांचे खांब आधीच काढून नेले होते, म्हणून फायनल दुपारी ठेवली. सगळे आले. जे कधी येत नव्हते तेही आले, मैदान मरताना बघायला गर्दी होतेच. कडुलिंबावर पतंग अडकलेले, पोरं भिंतीवर, गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. आणि समोरचा संघ अकोल्याचा. मोर्णेकाठची पोरं, आणि त्यांच्यासोबत त्यांना शिकवणारा माणूस — केस पांढरे, एक पाय ओढत चालणारा, हात मात्र तसेच लांबलचक. दिवसा ऑटो चालवतो, पहाटे पोरांना शिकवतो. तो आधी दगडाजवळ आला.

"काय भाऊ, डोये शाबूत हायत न?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हटलं, आता तुझ्यापेक्षा जास्त दिसतं. तो खळखळून हसला. मीही हसलो. मला हसता आलं, याचंच मला नवल वाटतं.

सामन्याआधी मंडळींनी माझा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, वगैरे. मी नको म्हटलं नाही. मग माइक दिनेशकडे दिला कोणीतरी. तो बोलणारा माणूस नाही, माइक तोंडापासून लांब धरून बोलला, "मी या मैदानावर हारलो. पण खोट्यानं नाई हारलो. माह्या बोटाले फक्की होती, मले वाटलं लागलं. भाऊ म्हणले नाई. भाऊचा भाचा नाई, पुतन्या नाई त्या संघात, त कावून खोटं बोलन हा माणूस? पोट्ट्यायले मी हेच सांगतो — ज्याच्या शब्दावर आपून आपल्याच बोटाले खोटं पाडू शकतो, असा माणूस भेटला त हारल्याचं दुख वाटून घेऊ नोका." टाळ्या वाजल्या. माझ्या खांद्यावर शाल होती आणि शालीखाली मला घाम फुटला होता. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. माइक हातभर अंतरावर होता. मी दगडावर जाऊन बसलो.

आता पुढचं ऐका, कारण असं कोणी रचून सांगितलं असतं तर मीच त्याला हाकलून दिलं असतं. शेवटची रेड, आमचा संघ पुढे, आणि अकोल्याचा रेडर ढिगाखाली. माझ्याच बाजूला. पोरगा विशीतलाही नसेल. पंचाने हात वर केला. "भाऊ?"

मला स्वच्छ दिसत होतं. त्याचं मधलं बोट रेघेच्या अलीकडे थांबलं होतं. बोट आणि फक्की यांच्यामध्ये काळी माती होती, कोरी, कोणाचा हात न लागलेली.

मनात काय आलं ते सांगू? लागलं म्हणून टाक. एक शब्द. दिनेशची पोरं जिंकतील, मैदान तसंही उद्या उखडणार आहे, आणि तुझं फिटेल. खोट्याला खोटं, बरोबरी. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्या पोराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात असा भरवसा होता — दिनेशने शिकवलेला — की मला कळलं, याला मी खोटं बोलून जिंकवलं तर दिनेशला दुसऱ्यांदा फसवेन.

"नाही लागलं," मी म्हणालो. तेच दोन शब्द. या वेळी खरे.

पोरगा ढिगातून उठला आणि तिथेच रडायला लागला. दिनेश पाय ओढत आला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ म्हणते नाई लागलं, त नाई लागलं." मग मागच्यासारखाच दगडाला हात लावला आणि पोराला घेऊन निघाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्या वेळच्या खोट्यासाठी त्याचा चेहरा जसा होता, या खऱ्यासाठी तसाच होता. काडीचाही फरक नाही. मला ते सहन झालं नाही. साधं सांगायचं तर सहनच झालं नाही.

मी शाल दगडावर टाकली आणि त्याच्या मागे गेलो. जीप कडुलिंबाखाली उभी होती, पोरं चढत होती. मी त्याला बाजूला घेतलं आणि एका दमात बोललो.

"दिनेश, थ्या फायनलले तुही बोटं लागली होती. रेघेले. दम तुटायच्या आंधी. म्या पाह्यली होती, अन् खोटं बोललो."

मी वाट बघत होतो. मारेल, थुंकेल, शिवी देईल. काहीही चाललं असतं.

तो हसला. मायेने हसला.

"पोट्टं रडलं म्हून तुमाले वाईट वाटलं, नाई का भाऊ?"

"नाई रे. खरं सांगून राहिलो."

"भाऊ, आत्ता माह्यासमोर तुमी माह्याच पोट्ट्याच्या इरुद्ध निकाल देला. माह्या मनासाठी एक शब्द इकडचा तिकडं केला नाई. असा माणूस तवा खोटं बोलन?"

"बोललो, बाप्पा. बोललो मी."

"संक्रांत हाय म्हून एवढं गोड बोलून राहिले का?" तो म्हणाला. खिशातून तिळगूळ काढला, माझा तळहात उघडून त्यात ठेवला. मग वाकून माझ्या पाया पडला — तो गुडघा वाकत नाही त्याचा, तरी पडला — आणि जीपमध्ये बसला. पोरांनी आतून हात हलवले. मी हातात तिळगूळ घेऊन उभा.

माझं खोटं त्याने एका क्षणात मानलं होतं. माझं खरं त्याने मानलं नाही. आणि मानायला त्याच्याकडे कारण काय होतं? होती ती कारणं मीच इतकी वर्षं खरं बोलून एकेक करून काढून घेतली होती.

परवा जेसीबी आला. गॅलरी आधी पाडली, मग माती उकरली. दगड जेसीबीच्या बादलीत उचलून ट्रकमध्ये टाकला, बाकीच्या दगडांसोबत. मी रस्त्याच्या बाजूला उभा होतो, जिथे ऑटो थांबायचे. एकाने विचारलं, भाऊ, दगड ठेवून घ्यायचा होता का? मी नाही म्हटलं.

त्या फायनलच्या शेवटच्या रेडमध्ये दिनेशच्या उजव्या हाताची दोन बोटं मधल्या रेघेला लागली होती. दम चालू होता. मी हातभर अंतरावर बसलो होतो, आणि मी ते पाहिलं होतं.